पुसातही न गेलेला ताप

"भिंतीले हात लावला ना, त तुही पिचकारी तुह्याच गळ्यात बांधीन!" माय ओसरीच्या मधोमध पाय रोवून ओरडत होती. तिच्या हातात भिजलेलं पोतेरं, कोपरापर्यंत पांढरी माती, आणि समोर अंगणात हिवतापाची फवारणी करणारा किसन, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब नळी. किसन माणूस तसा आडदांड, अस्वलाला वाट सोडायला लावणारा. पण मायच्या पोतेऱ्यासमोर तो तुळशीवृंदावनाच्या मागे सरकला होता. "बाई, सरकारी औषध हाये. मच्छर मरते यानं," तो तिथूनच म्हणाला. "मच्छर मरते का नाही मले ठाऊक नाही, माही भिंत मरते!" मायनं उत्तर दिलं, आणि शेजारच्या अंगणात दोन कोंबड्या अंड्यावरून उठल्या.

मायची भिंत ही काही साधी भिंत नव्हती. आमच्याकडे घराला छुई लावतात, म्हणजे पांढरी चिकणमाती. बाकीच्या बाया ती लावून मोकळ्या होत. माय ती चाळायची, भिजवायची, पुन्हा चाळायची, आणि मग भिंतीला अशी लावायची की माशी बसली तर घसरून खाली पडावी. बाबूजी त्या भिंतीत तोंड पाहून दाढी करत, हे मी शपथेवर सांगते. शपथ खोटी असेल, भिंत खरी आहे. अशा भिंतीवर किसनचं औषध पडलं की गाईनं ढेकर द्यावी तसे पिवळट ओघळ उठत, आणि वास असा की पाहुणा दारातूनच राम राम करून परत जाई. शेवटी बाबूजींनी मायला 'गोठ्यात गाय सुटली' असं खोटंच सांगून मागे पाठवलं आणि तेवढ्यात किसननं घर फवारून घेतलं. जाताना तो बजावून गेला, "आता भिंत सारवू नका बरं, औषध झाकून जाते." माय म्हणाली, "बरं." आमच्या भागात 'बरं' या शब्दाचा अर्थ 'तू आधी नजरेआड तर हो' असा होतो. किसन गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोच मायची छुईची बादली बाहेर आली. आणि एकट्या मायची कशाला? अख्ख्या गल्लीत तेच. पुढे पुढे फवारणीवाले, मागे मागे बायांची रांग बादल्या घेऊन, एखाद्या वरातीसारखी. पोळा तोंडावर आलेला, त्यात डागाळलेली भिंत कोण ठेवणार? डासांना तर आम्ही जवळजवळ नवीन चादर अंथरून दिली.

आणि आमचे डास म्हणजे! नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव, एका बाजूला जंगल, तीन बाजूंना बोड्या. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला खणलेलं लहानसं तळं. या बोड्यांवर जन्मलेला डास मच्छरदाणीत शिरत नसे, मच्छरदाणी उचलून घेऊन जाई. माझ्या आज्याला एकदा डास चावला. आज्यानं नुकतीच मोहाची घेतली होती. तो डास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या ओसरीत उताणा पडून गाणी म्हणत होता. लोक हसतात, पण त्या वेळचे जे कोणी उरले आहेत त्यांना विचारा. ते नाही म्हणणार नाहीत. ऐकू कमी येतं त्यांना, पण नाही म्हणणार नाहीत.

ताप आमच्या घरात पाहुण्यासारखा नव्हे, भाऊबंदासारखा राहायचा. त्याचं पंचांग सगळ्यांना पाठ होतं. भादव्यात यायचा, दिवाळीत जोर धरायचा, धान कापून खळ्यात आलं की त्याचाही हंगाम सरत यायचा, आणि पूस, म्हणजे पौष, लागून कडाक्याची थंडी पडली की डासांबरोबर तोही जायचा. ज्याचा त्याचा ताप वेगळा, ज्याची त्याची वेळ वेगळी. बाबूजींचा सकाळी बैलांना पाणी पाजताना यायचा, आणि बैलसुद्धा त्या दिवशी समजून घेऊन स्वतःच बोडीवर जात. माझा एकाडएक दिवसाचा, आणि वेळेला इतका पक्का की नवेगावहून येणारी दुपारची बस वळणावर भोंगा द्यायची आणि इकडे माझे दात वाजायला लागायचे. मग हुडहुडी. बाज अशी हलायची की मी ओसरीत झोपायची आणि उठायची अंगणात. त्यानंतर भट्टी पेटल्यासारखा ताप, त्यानंतर घाम, आणि घाम सुटला की अशी भूक लागायची की मायनं आधीच तवा चुलीवर चढवून ठेवलेला असायचा. तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार, गरमगरम आयते. सोबत लाखोरीची डाळ किंवा सुक्या मासोळीची लालभडक चटणी. मधला दिवस एकदम ठणठणीत. कोणी म्हणणार नाही की ही पोरगी काल मरणाच्या दारात छपराचे कवेलू हलवत होती.

म्हणून आमच्याकडे तापाच्या दिवसांत सगळं त्याच्या सोयीनं ठरायचं. रोवणीचे शेवटचे हात, कापणीची पाळी, बाजार, भांडणं सुद्धा. "उद्या नाही वो, उद्या माहा ताप हाये. परवा येजो, मंग सांगतो तुले," अशी भांडणं दोन दिवस पुढे ढकललेली मी ऐकली आहेत. आणि पोरीला बघायला पाहुणे बोलवायचे तर पुसानंतरच. थंडीनं ताप गेलेला असतो, धान घरात असतं, पोरीच्या गालावर थोडा रंग आलेला असतो. ही रीत. तिला कोणी कधी विचारलं नाही, की बाई गं, थंडी पडलीच नाही तर तू काय करशील?

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. अघनात, म्हणजे मार्गशीर्षात, पाऊस आला, तो पुसात पुन्हा आला. गोधड्या पेटीतच राहिल्या. आंब्याला इतका लवकर मोहोर आला की आज्यानं झाडाला शिवी दिली. बोड्या आटायचं नाव घेईनात, बैलांच्या खुरांच्या खळग्यांतसुद्धा पाणी साचून, आणि त्या पाण्यात किडे नाचून राहिलेले. आरोग्याचा माणूस रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गेला होता, कडूजहर गोळ्याही देऊन गेला होता. मायनं त्या फडताळावर ठेवून दिल्या. "कायले कडू खातस वो पोरी? पूस लागला का आपोआप जाते." पूस लागला. पूस सरला. ताप आपला जागच्या जागी, चहाला थांबलेला.

माझी भाची डॉक्टर आहे, अशाच एका जंगलपट्टीतल्या दवाखान्यात. मागच्या माघात मी तिच्याकडे पंखा लावून झोपले आणि सकाळी तिला ही गोष्ट सांगितली, तेव्हा ती हसली नाही, एकदम खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "आत्या, डासानं रक्त प्यालं म्हणजे लगेच तो ताप वाटत नाही. तापाचा जंतू त्याच्या पोटात आधी पिकावा लागतो. आंबा पेंढ्यात पिकतो तसा. थंडी असली की तो इतका हळू पिकतो की डास म्हातारा होऊन मरतो, आणि जंतू कच्चाच राहतो. ऊब असली की भराभर पिकतो." म्हणजे आमची थंडी डास मारून नव्हे, आंबा कच्चा ठेवून आम्हाला वाचवत होती! मी विचारलं, मग आता कसं होणार? आता तर दर साल थंडी उशिरा येते आणि लवकर जाते; आमच्या वेळी ती एका सालाची लहर होती, आता लहरीचीच वहिवाट झाली. भाची माझ्यासारखी नाही, ती मोजून बोलते. म्हणाली, होईलच असं नाही, होऊ शकतं. तापाचे दिवस लांबतील, जिथे तो नव्हता तिथे जाऊन पाहील. उलट मे महिन्यात आपल्याकडे जे ऊन तापतं ते आणखी वाढलं तर डासालाही सोसणार नाही, तेव्हा तो कमीही होईल. एकदम कोसळणारा पाऊस डबक्यातल्या अळ्या वाहून नेतो, आणि तोच थांबला की नवीन डबकी ठेवून जातो. औषधं चांगली आहेत, मच्छरदाण्या आहेत, पूर्वीपेक्षा ताप खूप कमी झालाय. पण पंचांगावर विसंबून राहू नका, एवढंच. मी म्हटलं, बाई, हे तू तेव्हा माझ्या मायला सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, "आत्या, मी तेव्हा जन्मले नव्हते." हल्लीच्या मुलांकडे सबब तयारच असते.

तर थंडी न पडलेल्या त्या वर्षी, माघात मला बघायला गोंदियाचे पाहुणे येणार होते. मुलगा तांदळाच्या मिलमध्ये मिस्त्री, नाव हिरालाल. आता हे स्थळ मला किती हवं होतं ते सांगते. गोंदियात आगगाडी होती, टॉकीज होती, नळ होता, आणि गुडघाभर चिखलात वाकून धान रोवायचं नव्हतं. मी हिरालालला पाहिलं नव्हतं, पण टॉकीज एकदा बाहेरून पाहिली होती, आणि तेवढ्यावर माझं मन बसलं होतं. याआधी दोन स्थळांनी मला नाकारलेलं. एकांनी, पोरगी मोठ्यानं हसते म्हणून. दुसऱ्यांनी, पोरगी मुलाच्या बापापेक्षा जास्त आयते खाते म्हणून. दोन्ही आरोप खरे होते. आणि मामानं एक तिसरं स्थळ बगलेत दाबून ठेवलं होतं. देवरीकडचा बिजवर, ज्याचा थोरला पोरगा माझ्याच वर्गात शोभला असता आणि ज्याच्या मिशा त्याच्या आधी घरात शिरत. मामानं बजावलं होतं, "गोंदियावाल्यांनी नाही म्हटलं, त मी देवरीले शब्द देऊन टाकतो." त्यामुळे एका बाजूला टॉकीज, एका बाजूला मिशा, आणि मधे मी, एकाडएक दिवस कापत.

मायनं युक्ती केली. बोटांवर मोजून माझा चांगला दिवस काढला आणि त्या दिवसाचं आवतण धाडलं, मंगळवारचं. घराला पुन्हा छुई लावली, त्यावर तांदळाच्या पिठानं बोटांनी मोर काढले. फवारणीचा कुठे कण उरला असेल तर तोही त्या मोरांखाली गेला. आणि सोमवारी सकाळी, मी अंगणात तांदूळ पाखडत असताना, बैलगाडीच्या वाटेनं दोन माणसं चालत आली. पुढे मुलाचे गोल काकाजी, डोक्यावर काळी टोपी, मागे एक उंच, गप्प पोरगा, म्हणजे हिरालाल.

"अरे भाभीजी, माफ करना!" काकाजी दारातूनच म्हणाले. "मिलचा पट्टा टूट गया, आज छुट्टी मिली. सोचा, कल का काम आज कर लेते हैं!"

मायच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातला जीव निघून गेला. सोमवार माझ्या तापाचा दिवस. तिनं मला मागच्या दारानं ओढलं. "दुपारची बस याच्या आत आटपाले पाह्यजे. भोंगा वाजाच्या आत पोरगी दाखवून, पाहुणे हाकलून देऊ." मी म्हटलं, "माय, पाहुण्याले हाकलत नाहीत." "जेवू घालून हाकलू," माय म्हणाली.

पण काकाजी जेवायला बसले ते उठेनात. असा खाणारा माणूस मी त्याआधी आरशातच पाहिला होता. आयता तव्यावरून उतरायचा आणि ताटाला न टेकता नाहीसा व्हायचा. मधे मधे ते पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी वाखाणत, गोंदियातल्या पाण्याला नावं ठेवत, आणि भिंतीकडे पाहून म्हणत, "क्या दीवार है! संगमरमर!" माय तव्यावरून उठून पुन:पुन्हा उन्हाकडे पाही. "पोरगी आणू का आता?" "अरे, जल्दी क्या है? एक और दो." हिरालाल मात्र मुकाट जेवत होता. त्यानं भिंतीकडे पाहिलं. मायच्या सगळ्यात सुंदर मोराच्या डोळ्यावर एक डास शेपूट वर करून निवांत बसला होता. हिरालालनं त्याच्याकडे पाहिलं, डासानं हिरालालकडे पाहिलं, दोघंही काही बोलले नाहीत.

शेवटी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला गेला आणि मी उंबरठा ओलांडला, आणि तिकडे वळणावर बसनं भोंगा दिला.

आधी बशा बोलायला लागल्या. किणकिण, मग खणखण, मग देवळातली आरती सुरू व्हावी तसा गजर. चहा कपातून उडून ट्रेमध्ये, ट्रेमधून काकाजींच्या धोतरावर. "लाजून राहिली जी," माय म्हणाली. "इतनी?" काकाजी म्हणाले. मी खाली बसले, तर बसल्याजागीच हातभर पुढे सरकले. "नाव काय बेटी?" काकाजींनी विचारलं. माझं नाव दमयंती. मी सुरुवात केली ती 'द'वरच. पाऊण मिनिटात 'म'पर्यंत पोचले नाही. वर कवेलू वाजायला लागले, पारव्यांनी आढं सोडलं, आणि बाबूजी उठून पेटीतल्या सगळ्या गोधड्या घेऊन आले आणि त्यांनी माझ्यावर रचल्या. आत पोरगी आहे हे फक्त ढीग हलत होता म्हणून कळत होतं.

काकाजींनी टोपी नीट केली आणि उभे राहिले. "मिरगी है! बीमार लडकी हमारे गले बांध रहे थे! चल हिरा, उठ. गांव में बैठकर शहरवालों को बुद्धू समझते हैं!" मायचं तोंड तिच्या भिंतीइतकं पांढरं झालं. बाबूजींनी हात जोडले, "नाही जी, मिरगी नाही, ताप हाये फक्त..." "ताप? माघ में ताप? किसको सिखाते हो!" मी गोधड्यांच्या फटीतून पाहत होते. टॉकीजचं दार बंद होताना मला दिसलं, आणि देवरीच्या दिशेनं मिशा निघालेल्या दिसल्या. रडावंसं वाटलं, पण हुडहुडीत रडणंही धड जमत नाही, उचकीसारखं होतं.

"काकाजी, बसा खाली," हिरालाल म्हणाला. आल्यापासून हे त्याचं पहिलं वाक्य.

"क्यों बैठूं?"

"पट्टा तुटला नाही."

काकाजींचा हात टोपीवर थांबला. मायचा पदरावर. फक्त माझे दात चालू.

"मिलचा पट्टा तुटला नाही," हिरालालनं मायला सांगितलं, जणू धानाचा भाव सांगावा. "तुमी मंगळवारचं बोलावलं. या खेपेचा मंगळवार माझ्या तापाचा. एकाडएक दिवस, चारच्या सुमारास येतो. म्हणून आज आलो."

काकाजी धानाचं पोतं टाकावं तसे खाली बसले. "तुले बी?" बाबूजींनी विचारलं. "गोंदियात?" कारण ताप म्हणजे जंगलाचा, बोड्यांचा, आमच्यासारख्यांचा, गोंदियावाले त्याचं नावसुद्धा आमच्या गावाच्या नावाला जोडून घेत. "या साली आहे," हिरालाल म्हणाला. "मिलच्या मागं पाणी साचलं ते आटलं नाही. पाऊस थांबेना तर ते आटणार कसं, आणि थंडीच नाही तर डास मरणार कसे."

मग माय पांढऱ्याची लाल झाली. त्यानंतरचं भांडण मी गोधड्यांखालून ऐकलं, आणि तापात ऐकलेलं सगळ्यात औषधी तेच. "आमी लपवलं म्हनता, तुमी काय केलं जी? पट्टा तोडून आलात!" "भाभीजी, लडके का बुखार और लडकी का बुखार, फरक होता है!" "काऊन फरक? लडक्याचे दात सोन्याचे वाजतात का?" बाबूजींना आधी हसू आलं, मग काकाजींना, आणि काकाजी हसले की त्यांचं पोट आधी हसायचं, ते पाहून मायलाही राहवेना. पुन्हा तवा चढला. उन्हं कलली, माझा ताप चढून उतरला, घाम सुटला, आणि मी केस कपाळाला चिकटलेले, डोळे तांबडे, अशी ढिगातून बाहेर आले आणि लाजबिज सगळी विसरून काकाजींच्या शेजारी ताट ओढून बसले. आम्ही दोघांनी मिळून जे आयते खाल्ले ते मोजायचं काम मायनं मधेच सोडून दिलं. मायनं फडताळावरच्या कडू गोळ्या काढल्या, मला माझ्या दिल्या, आणि जाताना काकाजींना बजावून सांगितलं की गोंदियाच्या दवाखान्यात पोराचं रक्त तपासून घ्या, नाही तर मी स्वतः येते. ती आली असती.

पाहुणे निघाले. बाबूजी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मुद्दाम मागे मागे. काकाजींनी होकारही दिला नव्हता आणि नकारही. ते ढेकर देत पुढे चालले होते. बाबूजींना राहवेना. त्यांनी हिरालालला थांबवलं. "बापू, पोरगी पाह्यली त तुमी अशी पाह्यली. मनात काही असन त आत्ताच सांगा. ती बी तापाची, तुमी बी तापाचे. घर कसं चालन?"

हिरालालनं चपलेतला खडा झटकला.

"तिचा सोमवार, माझा मंगळवार," तो म्हणाला. "चहा करायला रोज एक जण उठून राहील."